ट्रायथलॉनचा खर्च : आधी छाती, मग पाणी, शेवटी सायकल

पोहणे, सायकल आणि धावणे सलग करायची स्पर्धा आता आपल्या भागातल्या हौशी मंडळींना परकी राहिलेली नाही. २०१९ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर पहिली ‘आयर्नमॅन ७०.३’ झाली, कोल्हापूरच्या राजाराम तलावातही अशा स्पर्धांचा पोहण्याचा टप्पा झाला आहे. त्यामुळे सांगली-मिरजेहून, विटा-तासगावहून डॉक्टर म्हणून मला पत्रे येत राहतात. जवळजवळ सगळी सायकलबद्दल आणि पैशांबद्दल. छाती तपासून घेऊ का, असे विचारणारे क्वचितच. म्हणून या वेळी खर्चाचेच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : वय ३४, विटा, यंत्रमागाचा व्यवसाय. ट्रायथलॉन म्हणजे लाखाचा खेळ असे मित्र सांगतात. खरेच एवढा खर्च येतो का?

स्प्रिंटपासून सुरुवात केलीत तर येत नाही. स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे. २५ मीटरच्या तलावात ७५० मीटर म्हणजे ३० फेऱ्या. त्यासाठी घरातली धड चालणारी सायकल पुरते. ब्रेक पक्के हवेत, हँडलच्या दोन्ही टोकांना बुचे हवीत आणि हेल्मेट सक्तीचे आहे. हेल्मेट, गॉगल, टोपी आणि पळायचे बरे बूट मिळून साधारण आठ-दहा हजारांत भागते. स्थानिक स्पर्धेची फी काही हजारांत असते. पोहता येत नसेल तर शिकवणाऱ्याचे पैसे वेगळे, आणि ते वाचवू नका.

हाफचे, म्हणजे ‘आयर्नमॅन ७०.३’ च्या अंतराच्या स्पर्धेचे, गणित निराळे. १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणे. नामांकित आंतरराष्ट्रीय स्पर्धेची फी पाच आकड्यांत जाते. सायकल आदल्या दिवशीच जमा करायची असल्याने दोन रात्रींचा मुक्काम धरा. गोवा आपल्याला गाडीच्या टप्प्यात आहे, त्यामुळे विमानात सायकल खोक्यात घालून नेण्याचा खर्च तेवढा वाचतो. पण खरा खर्च वेळेचा आहे. निदान चार-सहा महिने, आठवड्याला आठ-दहा तास. माग सांभाळून ते तास कुठून काढणार, हे फी भरण्याआधी कागदावर लिहून पाहा. झोपेतून काढणार असाल तर यंदा स्प्रिंटच करा.

प्रश्न : गोव्याच्या स्पर्धेसाठी वेटसूट घ्यावा का? ऑनलाइन सवलत चालू आहे.

नको. पाणी २४.५ अंशांच्या वर असेल तर त्या स्पर्धेत वेटसूट घालून नंबरासाठी उतरता येत नाही, आणि गोव्याचा समुद्र त्याहून बराच गरम असतो.

प्रश्न : माझ्याकडे ॲल्युमिनियमची रोड बाइक आहे. तिच्यावर हाफ पूर्ण होणे कठीण, असे दुकानदार म्हणाले. अडीच लाखांची कार्बनची ट्राय-बाइक हप्त्यावर मिळते आहे. घेऊ का? (वय ३८, सांगली)

घेऊ नका. दुकानदाराने विकण्यासाठी केलेले विधान तुम्ही वैद्यकीय सल्ल्यासारखे मनावर घेतले आहे. गोव्यासारख्या हाफमध्ये एकूण वेळमर्यादा साडेआठ तासांची असते. ताशी साडेबावीस किलोमीटरच्या गतीने ९० किलोमीटरला चार तास लागतात, आणि तेवढी गती तुमच्या आजच्या सायकलवर सरावाने येते. सायकल चालवताना हवेचा बहुतेक अडथळा स्वाराच्या अंगाचा असतो, चौकटीचा वाटा लहान. म्हणून ट्राय-बाइकचा फायदा हात पुढे टेकून, वाकून बसलात तरच. तसे बसणे जमायला कंबर, मान आणि मांडीच्या मागचे स्नायू तेवढे मोकळे लागतात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे ते नसतात. मग अडीच लाखांच्या सायकलवर माणूस सरळ बसून स्पर्धा पूर्ण करतो आणि वर मान धरल्याची तक्रार घेऊन येतो. शिवाय पुढे झुकून हात टेकले की ब्रेक हातापासून दूर जातात. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढणाऱ्याला हे परवडणारे नाही.

त्याऐवजी आहे त्या सायकलवर सीटची उंची आणि हँडलचे अंतर जाणकाराकडून मापून घ्या, चांगले टायर टाका, पंक्चर काढायला शिका. बोटे बधिर होत असतील किंवा गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल, तर माप घेण्याआधी तपासून घ्या.

प्रश्न : तलावाची फी भरण्यापेक्षा कृष्णेत सराव केला तर? घाटावर पोहण्याची आपली जुनी परंपरा आहे.

परंपरा आहे, पण ती पाणी ओळखणाऱ्यांच्या सोबतीने पोहण्याची आहे. नदीत मगरी आहेत, हे सांगलीकराला सांगायला नको. कोयनेतून विसर्ग वाढला की ओढही बदलते. एकट्याने आणि अंधारात कधीच उतरू नका. पावसाळ्यात तर नाहीच. वन विभागाच्या सूचना आणि घाटावरच्या रोजच्या पोहणाऱ्यांचा शब्द मोडू नका. आधी तलावात सलग दीड किलोमीटर जमवा. मग कमरेला बांधायचा तरंगता फुगा घेऊन, होडी सोबत असलेल्या गटात मोकळ्या पाण्याचा सराव करा. स्पर्धेआधी असा सराव हवाच. तलावात तळाची रेघ दिसते, कठडा हाताशी असतो. मोकळ्या पाण्यात यातले काही नसते आणि चांगल्या पोहणाऱ्याचाही श्वास पहिल्या दोनशे मीटरमध्ये बिथरतो.

प्रश्न : वय ४७, मिरज, बँकेत अधिकारी. हाफसाठी नाव नोंदवले आहे. रोज आठ किलोमीटर पळतो. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. दोन वर्षांपूर्वीचा ईसीजी नॉर्मल होता. फिटनेस सर्टिफिकेट ओळखीच्या डॉक्टरांकडून मिळेल. स्ट्रेस टेस्टचा खर्च टाळला तर चालेल ना?

नाही, चालणार नाही. हे उत्तर सगळ्यांनी वाचावे.

पडून काढलेला ईसीजी हृदयाची विश्रांतीतली नोंद देतो. धमनी बरीच अरुंद झालेली असली तरी ती नोंद साफ येऊ शकते, कारण पडल्या पडल्या हृदयाला जास्त रक्त लागत नाही. मागणी वाढते तेव्हा तुटवडा दिसतो. म्हणून पट्ट्यावर चालवून, धाप लागेपर्यंत नोंद घ्यावी लागते. तुमची नोंद तर दोन वर्षांपूर्वीची. ‘मी रोज पळतो, मला काय होणार’ हे वाक्य मी फार ऐकते. पळण्याने धोका कमी होतो, संपत नाही. आपल्याकडे हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा काही वर्षे आधी गाठतो. तुमचे वय आणि तुमची गोळी, दोन्ही तपासणीच्या बाजूने बोलतात.

धोका कुठे आहे, तेही समजून घ्या. अमेरिकेतल्या १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉनमधल्या घटनांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अचानक मृत्यू, हृदय बंद पडून वाचलेले आणि अपघाती मृत्यू अशा एकूण १३५ घटना. त्यांतल्या ९० पोहताना घडल्या. शवविच्छेदनाची माहिती मिळालेल्यांपैकी ४४ टक्के जणांत हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा लक्षणीय दोष आढळला. प्रमाण लाखात दोनहून कमी होते, म्हणून घाबरून नाव काढून घ्या असे मी म्हणत नाही. पण साठी ओलांडलेल्या पुरुषांत ते लाखात १८ च्या वर गेले होते. म्हणजे धोका सगळ्यांना सारखा नाही. आपण कुठे बसतो, हे आधी कळायला हवे.

पोहतानाच का, याचे एकच कारण सांगता येत नाही. सुरुवातीची घाई, गर्दीत लाथा-कोपर, भीती, आणि तोंड पाण्यात जाताच नाडी मंदावण्याची शरीराची उपजत प्रतिक्रिया, असे सगळे एकाच वेळी हृदयावर येते. रक्तदाब असलेल्यांना आणखी एक धोका असतो : केशवाहिन्यांतला द्रव झिरपून फुफ्फुसात साचतो. बाहेरचे पाणी आत न जाताही माणूस गुदमरतो, खोकल्यातून गुलाबी फेस येतो. सुरुवातीआधी लिटरभर पाणी पिऊन उतरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. रस्त्यावर धाप लागली तर माणूस कडेला बसतो आणि कोणीतरी बघते. पाण्यात बसायला जागा नाही, आणि बोट येईपर्यंत मिनिटे जातात. धाप नेहमीपेक्षा वेगळी वाटली तर उताणे व्हा, हात वर करा, कयाक (बचावासाठी सोबत असलेली लहान होडी) धरा. कयाक धरून पुढे सरकला नाहीत तर नियमानेही तुम्ही बाद होत नाही.

आता करायचे काय? हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. घरात कोणाला पन्नाशीच्या आत झटका आला का, कोणी झोपेत किंवा पोहताना अचानक गेले का, हे विचारून जा. पळताना कधी छाती भरून आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, धडधड झाली असेल तर ते लपवू नका. टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएमटी (पट्ट्यावरची स्ट्रेस टेस्ट) कोणत्या क्रमाने करायच्या, ते त्यांना ठरवू द्या. दोन्ही तपासण्यांचा खर्च तुमच्या स्पर्धेच्या फीपेक्षा बहुतेक कमीच येईल. रक्तदाबाची गोळी कोणत्या गटातली आहे, तेही विचारा : काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत, काही लघवीवाटे क्षार घालवतात. मनाने गोळी बंद करू नका. तपासणी साफ आली म्हणजे आयुष्यभराची हमी मिळाली, असेही नाही. स्पर्धेच्या आठवड्यात ताप आला तर स्पर्धा सोडायची, कारण विषाणूची सूज हृदयाच्या स्नायूतही असू शकते.

आणि ते सर्टिफिकेट. कर्नाटकातून माणसे उपचाराला मिरजेत येतात, आणि मिरजेतच राहणारा माणूस न तपासता सही मागतो, याचा मला राग येतो. ज्यांनी तुम्हाला स्टेथोस्कोपही लावला नाही, त्यांच्या सहीने आयोजकांची फाइल पूर्ण होते. तुमच्या छातीचे काही कळत नाही. सही देणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनाही सांगते : न तपासता देऊ नका.

प्रश्न : मुलगा १६ वर्षांचा आहे, उत्तम पोहतो. त्याला हाफमध्ये उतरवू का?

‘७०.३’ साठी १८ वर्षे पूर्ण लागतात. सध्या स्प्रिंट करू द्या, तोही प्रशिक्षकाच्या आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने.

प्रश्न : जेल, मिठाच्या गोळ्या, बीसीएए (अमिनो आम्लांची पूड), खोक्यातले ओआरएस... महिन्याला चार-पाच हजार जातात. यातले खरे किती लागते? (वय ३१, तासगाव)

फार थोडे. तासाभराच्या सरावाला साधे पाणी पुरते. दीड-दोन तासांपुढे साखर आणि मीठ दोन्ही लागते. केळे, खजूर, गुळाची चिक्की चालते, पण जे स्पर्धेत खाणार ते आधी सरावात खाऊन पोटाला सवय लावा. रोज पुरेसे प्रथिन खाणाऱ्याला बीसीएएची गरज नाही. ओआरएसच्या नावाखाली गोड सरबते वर्षानुवर्षे खपली. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला मनाई केली. औषध दुकानात मिळणारी सूत्राप्रमाणे बनवलेली पुडी स्वस्त आहे, तीच घ्या.

‘तहान लागण्याआधी पीत राहा’ हा सल्ला मात्र डोक्यातून काढा. अती पाण्याने रक्तातले सोडियम घसरते, डोके दुखते, उलटी होते, भ्रम आणि झटकेही येतात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावकांपैकी १३ टक्क्यांचे सोडियम कमी निघाले होते. तहान लागेल तसे प्या. स्पर्धेआधी वेदनाशामक गोळी घेऊ नका, मूत्रपिंडावर ताण येतो. मधुमेह, रक्तदाब किंवा मुतखडा असेल तर मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

प्रश्न : माझे पती शिक्षक आहेत, वय ४१. पहाटे साडेचारला घराबाहेर, रविवारी दुपारपर्यंत सायकलवर. वर्षाला साठ-सत्तर हजार जातात. हौसेला मोल नसते म्हणतात, पण यातून खरेच काही मिळते का? (पलूस)

ताई, प्रश्न रास्त आहे. तब्येतीपुरते बोलायचे तर आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामातून बहुतेक फायदा मिळून जातो. त्याला फी लागत नाही. आठ-दहा तासांच्या तयारीचे समर्थन ‘तब्येतीसाठी’ म्हणून करता येणार नाही. तरीही त्यात मोल आहे, आणि मी ते माझ्या रुग्णांत पाहिले आहे. चाळिशीत पोहायला शिकलेला माणूस बदलतो. तारीख समोर असली की तंबाखू सुटते, रात्रीची जागरणे थांबतात. पण त्यासाठी दरवर्षी गोवा लागत नाही. दोन-तीन वर्षांतून एक मोठी स्पर्धा आणि मधे जवळच्या छोट्या, एवढ्याने खर्च निम्म्याहून खाली येईल. दोघांनी बसून वर्षाचा आकडा आणि कुटुंबाचा एक रविवार आधी ठरवा.

ते किती झोपतात, हे तुम्ही लिहिलेले नाही. सहा तासांपेक्षा कमी झोप, चिडचिड, सतत सर्दी, सकाळची नाडी नेहमीपेक्षा वाढलेली, यांतले काही दिसत असेल तर सराव अंगावर येतो आहे. दोघे मिळून या.

प्रश्न : स्पर्धेत हाड मोडले तर मेडिक्लेम मिळतो का?

साहसी खेळांबाबत पॉलिसीतले नेहमीचे अपवाद-कलम व्यावसायिक खेळाडूंसाठी असते. हौशी स्पर्धकाबाबत तुमची कंपनी काय म्हणते, ते लेखी विचारा. अपघात विम्याच्या अटी वेगळ्या असतात.

प्रश्न : दीड महिन्यापासून नडगी एकाच जागी दुखते. बोट ठेवले तरी कळ येते. फी भरली आहे, परत मिळत नाही. पट्टी बांधून पळू का? (वय २९, सांगली)

दीड महिना कशासाठी थांबलात? फी गेलेली आहे, तुम्ही पळा वा न पळा. एकाच जागी बोटाने दाखवता येणारी हाडाची कळ म्हणजे ताणाने पडलेली बारीक फट असू शकते. तिच्यावर पळत राहिलात तर सहा-आठ आठवड्यांची विश्रांती काही महिन्यांवर जाते, आणि पुढच्या बाजूची फट असेल तर हाड मोडून शस्त्रक्रियेपर्यंत जाते. पट्टीने फट भरत नाही. मालिशही नको. स्पर्धा पुढच्या वर्षावर ढकलता येते का, ते आयोजकांना आजच ई-मेलने विचारा. आणि याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांना दाखवा. एक्स-रेमध्ये अशी फट अनेकदा दिसत नाही, तेव्हा ‘एक्स-रे नॉर्मल’ एवढ्यावर पुन्हा पळायला लागू नका. एमआरआय लागेल का, ते तपासणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्या. तोवर पळणे पूर्ण बंद. तलावात पोहायलाही त्यांनी परवानगी दिल्यावरच जा.