कोअर आठ, मग चौकोन सोळा कसे?

प्रश्न: माझा प्रोसेसर ८ कोअरचा आहे असं खोक्यावर लिहिलंय, पण विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये आलेख उघडला की १६ चौकोन दिसतात. नक्की खरं काय?

उत्तर: दोन्ही खरंय, घाबरू नका. कोअर म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा भाग, आणि एकच कोअर दोन कामांचे धागे (थ्रेड) आळीपाळीने नाही तर एकत्रच हाताळू शकतो, म्हणजे एक धागा मेमरीची वाट बघत थांबला की रिकामा पडलेला भाग दुसऱ्याला मिळतो. इंटेलने हे २००२ मध्ये हायपर-थ्रेडिंग नावाने आणलं. पण म्हणून वेग दुप्पट होत नाही हां, हे लक्षात ठेवा.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू, तिथे खाली कोअर्स आणि लॉजिकल प्रोसेसर्स (म्हणजे एकूण किती धागे एकत्र चालू शकतात) असे दोन वेगळे आकडे असतात. चौकोन मात्र लॉजिकलचे असतात आणि कुठला चौकोन कुठल्या कोअरचा हे तिथे लिहिलेलंच नसतं, मला हे मनापासून खटकतं, जोड्या शेजारी दाखवून वर कोअरचा नंबर टाकला असता तर तुम्हाला हा प्रश्न पडलाच नसता!

काही नवीन प्रोसेसरमध्ये तर कोअरच्या दुप्पट थ्रेड हा हिशोबही चालत नाही. कोअर आय७-१२७०० मध्ये ८ मोठे कोअर दोन-दोन थ्रेडचे आणि ४ छोटे एकेकाचे, म्हणून कोअर १२ पण थ्रेड २०.

अजून एक, तुमच्याकडे एकाच थ्रेडवर चालणारा प्रोग्राम तो थ्रेड पूर्ण व्यापून अडकला तर एकूण वापर जेमतेम ६ टक्के (सोळातला एक भाग) दिसेल, तेव्हा वेगवेगळे चौकोनच बघा.