कासव व्हायचं ठरवलंस तर

वेंगुर्ले, मे अखेर

प्रिय बाय,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. फोनवर उत्तर दिलं असतं, पण दोन वाक्यांत आटपणारा विषय नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. पाऊस लागला की आपल्या ओटीवर डंजन्स अँड ड्रॅगन्सचा नवा खेळ सुरू होईल. गोष्ट मी सांगेन, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतील, फाशांवर निकाल लागेल, आणि तू पहिल्यांदाच स्वतःचं पात्र घेऊन बसशील. "ताई, माणूस नको, एल्फ नको, काहीतरी वेगळं हवं," असं म्हणून तू पाच नावं पाठवलीस. पाचही मला आवडली. पण प्रत्येक नावापुढे तू लिहिलेलं कारण वाचताना मी थांबले. याला उडता येतं. याला चार हात आहेत. याला हात लावला की विष चढतं. काय जमतं ते जवळजवळ सगळीकडे आहे, काय जमत नाही ते एकाही नावापुढे नाही. मला तुझ्याशी त्याबद्दलच बोलायचंय.

आधी मनातली भीती काढून टाक. वेगळी रेस, म्हणजे पात्राची प्रजाती, मागणं हा पोरकट हट्ट असतो, असं तुला कोणीतरी ऐकवलेलं दिसतंय. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स आणला, तेव्हा माणूस आणि काल्पनिक गोष्टींतले ड्वॉर्फ, एल्फ आणि हॉबिट एवढेच पर्याय मांडले होते. पण खेळाडूला जवळजवळ काहीही होता येईल, अगदी ड्रॅगनसुद्धा, हेही तिथेच लिहिलं होतं. अट एकच, सुरुवात दुबळेपणाने करायची. ड्रॅगन व्हायचंय तर आधी पिल्लू हो. म्हणजे तुझी मागणी खेळाइतकीच जुनी आहे. आणि ती अट मला आजही पटते.

ताकद, चपळाई अशा गुणांच्या आकड्यांसाठी रेस निवडायचे दिवस तसेही गेले. २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकात, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकात, नऊ रेस होत्या आणि कुठली घेतली की कशात किती वाढ, हे ठरलेलं होतं. २०२४ च्या पुस्तकात दहा आहेत, त्यांना आता 'स्पीशीज' म्हणतात, आणि गुणांची वाढ बॅकग्राउंडकडे, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्याकडे गेली. आपण ओटीवर सवयीने रेसच म्हणतो. तर हिशोब बाजूला ठेव आणि शरीराकडे बघ.

तुझ्या यादीत केंकू आहे. कावळ्यासारखं तोंड, पंख नाहीत, आणि २०१६ च्या नियमांप्रमाणे स्वतःचा आवाजही नाही. जे कानावर पडलं तेच, ज्या आवाजात पडलं त्याच आवाजात बोलायचं. २०२२ मध्ये ही सक्ती काढली आणि नक्कल करण्याची कला तेवढी ठेवली. पुष्कळांना बरं वाटलं, मला वाईट वाटलं. कारण काही वर्षांपूर्वी आपल्याच ओटीवर एका मुलाने केंकू घेतला होता, जुन्या नियमांचा. तो शंभर पानी वही घेऊन यायचा. खेळात मी कुठल्याही पात्राच्या तोंडी वाक्य घातलं की तो ते उतरवून घ्यायचा, शेजारी कोणाचं ते लिहायचा. तरीवाल्याचं एक वाक्य होतं, "भरती लागली, आता नाही." पुढे चार महिने कोणालाही नकार द्यायचा झाला की तो तेच म्हणायचा, त्या तरीवाल्याच्या घोगऱ्या आवाजात. मग खेळातल्या एका गावात एक म्हातारी मेली. मरताना तिने पार्टीला, म्हणजे आपल्या पात्रांच्या टोळीला, एवढंच सांगितलं होतं, "दार लावून घे, वारा येतोय." तिचा मुलगा बऱ्याच सेशननंतर भेटला, आणि आई गेली हे त्याला कसं सांगायचं ते कोणालाच सुचेना. केंकूवाल्या मुलाने वही उघडली, पानं मागे उलटली, आणि म्हातारीच्या आवाजात हळूच म्हणाला, "दार लावून घे, वारा येतोय." टेबलावर कोणी फासा उचलला नाही. पाऊस चालू होता, तो तेवढा ऐकू येत होता.

उडता येत असतं तर हे झालं नसतं गो. आवाज नव्हता म्हणून झालं.

चार हातांचा थ्री-क्रीन तुला लढाईसाठी हवाय. तो म्हणजे उभा चालणारा प्रार्थनाकीटक. २०२२ च्या स्पेलजॅमर पुस्तकात त्याचे नियम आहेत. खालचे दोन हात लहान असतात, त्यांत हलकंच हत्यार धरता येतं. त्याला आपली भाषा तोंडाने बोलता येत नाही, तो मनातून मनात बोलतो. आणि त्याला झोप लागत नाही, लागायची गरजच नसते. मला विचारशील तर हात विसर आणि हे जागणं धर. पार्टी आठ तास आडवी होते, तेव्हा हा जागा. रोज. झोपलेल्या माणसांकडे बघत तो काय विचार करत असेल? झोप म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावलंय का, की त्याला वाटतं हे सगळे रोज रात्री थोडे मरतात? आरवलीच्या वेतोबापुढे ठेवलेल्या कातडी वहाणा तू लहानपणापासून बघत आलीस, माणसाच्या पायाला कितीतरी मोठ्या. देव रात्रभर गावाची राखण करत फिरतो, वहाणा झिजतात, म्हणून नव्या वाहायच्या. गाव झोपलंय आणि कोणीतरी एकटा जागा आहे, ही गोष्ट तुला कुठल्या पुस्तकातून शिकायची गरज नाही. ती थ्री-क्रीनला दे.

वेतोबाचं नाव निघालं म्हणून एक सांगून ठेवते. देवचार, राखणदार, वेतोबा यांचीच रेस बनवूया, असं तू खाली लिहिलंयस. ते मी करणार नाही. ज्याच्यापुढे आपली आजी हात जोडते त्याला हिट पॉइंट, म्हणजे किती मार खाऊन मरायचं त्याचा आकडा, द्यायला माझा हात धजत नाही. त्यांचा स्वभाव घे, जागणं घे, हद्द सांभाळणं घे, नाव घेऊ नकोस.

ग्रंग, म्हणजे तो विषारी बेडूक, त्याला रोज तासभर पाण्यात बुडून राहावं लागतं, नाहीतर अंगातलं त्राण जातं. पुष्कळ टेबलांवर हा नियम सोयीने विसरतात. तू घेतलास तर मी विसरू देणार नाही. मे महिन्यात सड्यावरच्या वाडीत टँकरची वाट बघणं काय असतं, ते तुला ठाऊक आहे. इथे पिण्याचं पाणी मोजून भरतात, आणि एका पात्राला बुडी मारायलाच पाणी हवंय. पार्टीतल्या प्रत्येकाला त्याच्यासाठी काहीतरी करावं लागेल, आणि ओळख त्यातून वाढेल.

आराकोक्रा, म्हणजे तो पक्षीमाणूस, मात्र पहिल्या पात्राला नको. पहिल्याच लेव्हलला पंख मिळतात, आणि मी आठवडाभर बसून रचलेला कडा एकजण दोन मिनिटांत ओलांडतो, बाकीचे चौघे खाली बघत बसतात. तसं एकदा झालंय आणि त्या चौघांचे चेहरे माझ्या लक्षात आहेत. या पक्ष्यांचा बंद जागेत जीव घुसमटतो, हेही त्यांच्या वर्णनात आहे. गुहेच्या तोंडाशी पाय अडखळणारा आराकोक्रा कोणी आणला तर मी आनंदाने पंख देईन. अजून कोणी आणलेला नाही.

आता खेळायचं कसं. आवाज बदलायच्या मागे लागू नकोस, तासाभरात घसा बसतो. आपल्या जत्रेतला दहीकाला आठव. दशावतारी नटांना लिहिलेले संवाद नसतात, आख्यान थोडक्यात ठरतं आणि बाकी सगळं रंगमंचावर सुचत जातं. सामान म्हणजे एक बाकडं, तेच सिंहासन. मी लहान असताना स्त्रीपार्टी करणारे एक नट बघितले होते. आवाज त्यांचा बराचसा पुरुषीच होता. पण बाकड्यावर बसण्याआधी दर वेळी डाव्या हाताने निऱ्या सावरायचे. युद्धाची बातमी आली तेव्हाही, मुलगा मेला तेव्हाही. पहाटेपर्यंत एकदाही विसरले नाहीत, आणि त्या निऱ्यांमुळे मला ती राणी खरी वाटली. तुझ्या पात्राला अशी एकच सवय दे, शरीरातून आलेली. मग ती सोडू नकोस.

आणि बाकीच्यांना विचार की कोण काय घेतंय. पाचजणांत पाचही विचित्र असले की विचित्रपणाकडे बघायला कोणी उरत नाही. एक-दोन माणसं पार्टीत हवीत, "तू हे असं का खातोस?" असं विचारणारी.

यादीतलं शेवटचं नाव टॉर्टल, म्हणजे दोन पायांवर चालणारं कासव, आणि त्यापुढे तू फक्त "क्यूट आहे" असं लिहिलंयस. पण मला वाटतं तुझं पात्र हेच आहे. चिलखत घालायला नको, पाठीवरच्या कवचामुळे आर्मर क्लास, म्हणजे वार अंगाला लागणं किती कठीण त्याचा आकडा, थेट १७. पण कितीही चपळ झालीस तरी तो चपळाईने वाढणार नाही. कवचात शिरलीस तर तो चारने वाढतो, आणि मग जागचं हलता येत नाही. मित्र मार खात असताना तू सुरक्षित आणि जागीच अडकलेली, हा निर्णय प्रत्येक लढाईत तुझ्यासमोर येईल.

त्याहून मोठी गोष्ट त्यांच्या आयुष्याची आहे. टॉर्टल साधारण पन्नास वर्षं जगतात. अंडी घालतात ती आयुष्याच्या अगदी शेवटी, भिंतीने वेढलेल्या आवारात. मग उरलेलं वर्षभर पिल्लांची राखण करत, आयुष्यभर जे बघितलं ते त्यांना सांगत आईबाप मरून जातात. प्रवासात जमवलेल्या वस्तू तेवढ्या मागे राहतात. म्हणजे प्रत्येक टॉर्टल पोरका असतो, आणि तो भटकायला निघतो कारण पुढे आपल्या पिल्लांना सांगायला त्याच्याकडे काहीतरी हवं.

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला मी एकदा पहाटे उभी होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना सोबत घेऊन तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. मादी शंभराच्या आसपास अंडी वाळूत पुरते आणि समुद्रात परत जाते, पिल्लं ती कधी बघत नाही. दीडेक महिन्याने, कधी दोन महिन्यांनी, वाळू मधोमध खचते. घरट्यावरची टोपली उचलली तेव्हा आधी काहीच दिसलं नाही. मग एक काळं नाक वर आलं, मग पुढचा पाय, आणि त्याच्या पाठीवर पाय देऊन दुसरं. लाटेपर्यंतचं अंतर आपल्याला वीस पावलं. पिल्लू तीनदा उलटं झालं, तीनदा सरळ झालं. त्याला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

तुझ्या टॉर्टलला मात्र सांगितलेलं आहे, वर्षभर, रोज. शनिवारी येताना कॅरेक्टर शीट कोरी आणलीस तरी चालेल, आकडे आपण ओटीवर बसून भरू. फक्त त्याच्या आईने त्याला सांगितलेली शेवटची गोष्ट लिहून आण, आणि आवारातून निघताना त्याने कुठली एक वस्तू उचलली, तेही.

तुझी,
ताई