सुमात्रासारखा ९ तीव्रतेचा भूकंप नागपुरात होऊ शकतो का?

नाही, तसा महाभूकंप नागपुरात होऊ शकत नाही, कारण त्यासाठी लागणारी भूरचनाच येथे नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रा बेटाच्या उत्तर भागात, पश्चिम किनाऱ्याजवळच्या समुद्रतळाखाली ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला, तो भारतीय भूपट्ट (भूपट्ट म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचा प्रचंड तुकडा) शेजारच्या भूपट्टाखाली जेथे सरकतो त्या सीमेवर. तेथे दोन्ही भूपट्ट दीर्घकाळ एकमेकांत अडकून राहतात आणि ताण असह्य झाला की ती पकड एकदम सुटते. त्या दिवशी ती अंदमानपर्यंत सुमारे १३०० किलोमीटर लांबीवर सुटली, समुद्रतळ उचलला गेला आणि त्सुनामी उसळली. भूकंपाची तीव्रता मुख्यतः फाटलेल्या भागाच्या विस्तारावर आणि सरकण्याच्या अंतरावर ठरते, म्हणून ही लांबीच निर्णायक आहे. नागपूर मात्र भूपट्टाच्या अंतर्भागात असून ही सीमा येथून हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. मी येथे अकरावी-बारावीला भूगोल शिकवतो आणि हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो.

तरीही याचा अर्थ येथे धोकाच नाही, असा कृपया घेऊ नये. भूपट्टाच्या अंतर्भागातील जुने भ्रंशही (खडकांतील खोल भेगा) सरकतात: १९९३ मध्ये किल्लारीला ६.२ तीव्रतेच्या भूकंपाने हजारो माणसे गेली, आणि १९९७ मध्ये नागपूरपासून अडीचशे किलोमीटरच्या आत, जबलपूरजवळ ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमात्राच्या भूकंपातील ऊर्जा किल्लारीच्या वीस हजार पटींहून अधिक होती. पण किल्लारीत दगडमातीच्या जड भिंतींनीच माणसे चिरडली, त्यामुळे घर बांधताना भूकंपरोधक रचनेचा आग्रह नागपुरातही धरावा.