आरएनएवरचा एवढासा मिथाइल गट औषध कसे परतवतो?

प्रश्न : एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारे काही जिवाणू औषधाला हातही न लावता स्वतःच्याच आरएनएवर मिथाइल गट बसवून बचावतात, असे वाचले. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन एवढ्याशा गटाने हे कसे साधते? असे गट बसवणारी विकरे (एन्झाइम) माणसातही असतात का?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. रायबोसोममध्ये, म्हणजे पेशीतल्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेत, तयार होणारी प्रथिनाची साखळी एका अरुंद बोगद्यातून बाहेर पडते आणि एरिथ्रोमायसिन नेमके त्या बोगद्याच्या भिंतीला चिकटून साखळीची वाट अडवते. ही भिंत मुख्यतः रायबोसोमच्याच २३एस नावाच्या आरएनएची असते. तिच्यातल्या २०५८ क्रमांकाच्या ॲडेनीनला (आरएनएच्या साखळीतल्या चार प्रकारच्या घटकांपैकी एक) औषधाचा शर्करायुक्त भाग अगदी लगटून बसतो. ‘एर्म’ गटातली विकरे याच ॲडेनीनच्या एका नायट्रोजनवर एक किंवा दोन मिथाइल गट बसवतात. त्यासाठी लागणारा गट ती एस-ॲडेनोसिल मेथिओनीन या रेणूकडून घेतात. जागा इतकी अपुरी असते की तेवढ्या फुगवट्यानेही औषधाला तिथे नीट बसता येत नाही. क्लिंडामायसिन हे दुसरे प्रतिजैविकही तिथेच चिकटत असल्यामुळे तेही निष्प्रभ ठरते.

रुग्णाच्या दृष्टीने खरी मेख पुढे आहे. अनेक जिवाणूंमध्ये हे विकर एरवी तयारच होत नाही. एरिथ्रोमायसिनची चाहूल लागली की त्याची निर्मिती सुरू होते, क्लिंडामायसिनने मात्र ती सहसा सुरू होत नाही. त्यामुळे नेहमीच्या चाचणीत क्लिंडामायसिन गुणकारी दिसते आणि प्रत्यक्ष उपचारात फसू शकते. म्हणून प्रयोगशाळेत स्टॅफिलोकॉकस जिवाणूंच्या थरावर या दोन औषधांच्या चकत्या शेजारी शेजारी ठेवतात. क्लिंडामायसिनच्या चकतीभोवतीचे जिवाणूरहित वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटे होऊन इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे दिसले, तर छुपा प्रतिरोध आहे असे समजतात. इतक्या सोप्या साधनांनी रेणूच्या पातळीवरचा बदल डोळ्यांना दिसावा, हे मला आजही फार मोलाचे वाटते. ही चाचणी कंटाळा करून टाळण्यासारखी नाही.

माणसातही अशी अनेक विकरे आहेत, मात्र त्यांचे काम वेगळे आहे. त्यांपैकी मेटएल३ हे विकर मेटएल१४ या जोडीदाराच्या साहाय्याने संदेशवाहक आरएनएतल्या (प्रथिन बनवण्याचा संदेश रायबोसोमकडे नेणाऱ्या आरएनएतल्या) ठरावीक ॲडेनीनवर, तेही त्याच नायट्रोजनवर, एकच मिथाइल गट बसवते. इथे हा गट कोणाची वाट अडवत नाही, तर खुणेचे काम करतो. वायटीएचडीएफ२ सारखी प्रथिने ही खूण ओळखून त्या आरएनएला विघटनाकडे नेतात, त्यामुळे कोणता संदेश पेशीत किती काळ टिकेल हे काही अंशी या खुणांवर ठरते. ही खूण पुसताही येते. एफटीओ हे विकर संदेशवाहक आरएनएवरचा असा मिथाइल गट काढून टाकते, हे २०११ मध्ये दाखवले गेले.