दुपारनंतर स्टंप लाल होतो? आधी मोजे मोजा

प्रश्न थोडक्यात असा: वडील, वय ६१, निफाडजवळ द्राक्षबाग. मधुमेहामुळे तीन महिन्यांपूर्वी डावा पाय गुडघ्याखाली काढला, दोन आठवड्यांपूर्वी जयपूर फूट (कृत्रिम पाय) बसवला. सकाळी दोन-तीन तास छान चालतात, दुपारी स्टंपचं, म्हणजे कापून उरलेल्या पायाचं, टोक दुखतं आणि लाल होतं. रात्री घरचे खोबरेल-हळद लावतात. पाय चुकीचा बनवलाय का?

सकाळी नीट बसतो म्हणताय, म्हणजे बहुधा पाय चुकीचा नाही, स्टंप बारीक होतोय. ऑपरेशननंतरची सूज उतरायला वर्ष-दीड वर्ष जातं. त्यात चालताना सॉकेटचा (कृत्रिम पायात स्टंप बसतो त्या खोळीचा) दाब पडून स्टंपमधलं पाणी वर सरकतं, त्यामुळे दुपारचा स्टंप सकाळपेक्षा बारीक असतो. सॉकेट मात्र प्लास्टिकचं, आहे तेवढंच राहणार. मग स्टंप खाली घसरतो आणि खरं तर गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड शिरेवर (कंडरेवर, रक्तवाहिनीवर नव्हे) यायला हवं ते वजन नडगीच्या टोकावर येतं.

कृत्रिम पाय काढल्या काढल्या स्टंपवर लाली कुठे आहे ते बघा. वाटीच्या लगेच खाली आडवा गुलाबी पट्टा दिसला आणि दहा-पंधरा मिनिटांत गेला तर ठीक, वजन तिथेच यायला हवं. टोकाला आणि वाटीच्या खालच्या कडेवर लाल असेल तर स्टंप खाली गेलाय, सॉकेटच्या आत स्टंपवर घालायचा मोजा वाढवा. उलट, स्टंप सॉकेटमध्ये पूर्ण आत जात नसेल आणि टोक जांभळट, फुगलेलं दिसत असेल तर मोजे जास्त झालेत, एक कमी करा. बाहेरच्या अंगाला गुडघ्याखाली हाडाची गाठ लागते, तिथली लाली मोज्यानं जात नाही. ते सॉकेट घासून घ्यायचं काम. वीस मिनिटांनंतरही न जाणारी लाली कुठलीही असो, त्या दिवशी पाय पुन्हा घालू नका.

सॉकेटचा तळ बंद असेल तर कणकेची बोराएवढी गोळी पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून तळाशी टाका, पाय घालून पूर्ण वजन देऊन चार पावलं चालू द्या. गोळीची पापडी झाली तर स्टंप तळाला टेकतोय. गोळी जशीच्या तशी निघाली तर खाली पोकळी आहे. किंचित दबली, तर बरोबर.

मोजे १, ३ आणि ५ प्लायचे मिळतात (प्लाय म्हणजे मोज्याच्या जाडीचं माप). सकाळी जेवढे घालता तेवढेच दुपारी पुरतील असं धरू नका. दुखायला लागायची वाट न बघता अकराच्या सुमारास १ प्लाय वाढवा. शिवण बाहेरून ठेवा, टोकाला सुरकुती नको. एकूण दहा-बारा प्लाय घालूनही पाय सैल वाटला तर मोज्यांचा उपाय संपला, नवीन सॉकेट लागेल. पहिल्या वर्षात असं होणं नेहमीचंच, त्यात कुणाचा दोष नाही.

हळद आजपासून बंद. औषध म्हणून ती चांगली की वाईट हा वाद वेगळा, पण पिवळ्या कातडीवर लाली दिसतच नाही आणि आपलं सगळं निदान लालीवर चाललंय. तेलानं कातडी मऊ पडते, मग लवकर सोलते. स्पिरिट, डेटॉलही नको. स्टंप रात्री धुवा, कोमट पाणी आणि साध्या साबणानं. टाक्यांच्या खाचेतला साबण नीट काढा आणि टिपून कोरडा करा. सकाळी धुतलात तर ओलसर कातडी सॉकेटमध्ये चिकटते. खाज आली म्हणून मेडिकलमधून मलम आणू नका, त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं आणि कातडी पातळ होते.

कृत्रिम पाय काढला की लगेच स्टंपला ४ इंची क्रेप बँडेज. गोल गोल गुंडाळायचं नाही, त्यानं गळफास बसतो आणि टोक फुगतं. तिरकस, इंग्रजी आठसारखे वेढे घ्या: टोकाशी सर्वांत घट्ट, वर जाताना सैल, शेवटचे वेढे गुडघ्याच्या वर मांडीवर, वाटी उघडी. क्लिप न लावता चिकटपट्टी लावा. क्लिप टोचली तरी मधुमेहात कळत नाही. दर चार तासांनी सोडून पुन्हा बांधा. टोक निळसर, थंड पडलं किंवा ठणकलं तर लगेच सोडा. दुसऱ्या पायाचा रक्तपुरवठाही कमी असेल तर किती घट्ट बांधायचं हे सर्जनकडून बघून घ्या.

खाटेवर बसून स्टंप लोंबता ठेवणं आणि झोपताना गुडघ्याखाली उशी, या दोन्ही सवयी मोडा. पहिलीनं सूज येते, दुसरीनं गुडघा वाकडाच आखडतो, आणि आखडलेल्या गुडघ्याला सॉकेट नीट बसत नाही. दिवसातून दोन-तीनदा वीस मिनिटं पालथं झोपवा.

बागेत जाताना दोन कोरडे मोजे पिशवीत हवेत. भुरी या द्राक्षावरच्या बुरशीसाठी गंधक मारलेल्या ओळीतली धूळ घामात मिसळून मोज्यात बसली की पॉलिश पेपरसारखी घासते. एप्रिल-मेमध्ये दुपारी एकदा पाय काढून सॉकेट ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्यानं पुसा. उजवा पाय अनवाणी कधीही नको, देवळातसुद्धा मोजा असू द्या.

कातडी फाटली, पाणी किंवा पू आला, वास आला, ताप आला, की पाय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर.

सॉकेट दाखवायला नाशिकला जाल तेव्हा दुपारची वेळ मागून घ्या आणि दोन-तीन तास चालवून मगच आत न्या, त्या दिवशी घातलेले सगळे मोजे पायात ठेवून. निफाडहून पहिल्या गाडीनं जाऊन दहा वाजता दाखवलंत तर सॉकेट अगदी नीट बसलेलंच दिसेल.