सगळंच सेंद्रिय घ्यायचं की काहीच नाही? सुरुवात कुठून करावी, आणि तब्येतीत खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात चौघांचं घर आहे, सासूबाईंना मधुमेह आहे, मुलगी आठ वर्षांची आहे, आणि सेंद्रिय मालाच्या दुकानातलं महिन्याचं बिल पाहून घरात कुरबुर सुरू झाली आहे. माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचं, तिथे अजून शेती होते, आणि संसार पुण्यात. त्यामुळे पिकवणाऱ्यांचं आणि विकत घेणाऱ्यांचं, दोन्ही रोजच्या रोज कानावर असतं.

सेंद्रिय साखर ही साखरच असते. सेंद्रिय मैद्याची बिस्किटं मुलीच्या डब्यात गेली तरी तिच्या पोटात मैदा आणि साखरच जाते. फरक पडतो तो मुख्यतः धान्य सालासकट खाल्ल्याने, भाज्या-कडधान्यं वाढवल्याने आणि पाकीटबंद खाणं कमी केल्याने. सेंद्रियचा नंबर त्यानंतर. २०१२ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले. सेंद्रिय मालात जीवनसत्त्वं जास्त असतात असं काही त्यांना दिसलं नाही, पण कीटकनाशकांचे अंश मात्र कमी वेळा सापडले. २०१४ साली ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने ३४३ अभ्यासांचा आढावा घेतला गेला. त्यात सेंद्रिय पिकांमध्ये अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींची झीज रोखणारी द्रव्यं, जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी आढळला. म्हणजे फायदा आहे, पण तो पॉलिश केलेला पांढरा भात सोडून भाकरीवर येण्याच्या फायद्याची जागा घेऊ शकत नाही.

बिलाकडे म्हणूनच वेगळ्या नजरेने बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारसूत्रं दिली, त्यात मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं धरली आहेत, आणि धान्यातलं निम्मं तरी अख्खं असावं असं म्हटलंय. तुमच्या घरात दिवसाला दीड किलोच्या आसपास भाजी झाली. सेंद्रिय भाजी दुप्पट भावाची म्हणून तुम्ही पाऊण किलोवर भागवत असाल, तर तो तोट्याचा सौदा आहे. मंडईतली साधी भाजी भरपूर घ्या, स्वच्छ धुवा आणि खा.

पैसे कुठे वाचवायचे ते सांगते. आमच्याकडची मालदांडी ज्वारी काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, आणि ती जमिनीतल्या ओलीवर येते. कोरडवाहू रब्बीत तिच्यावर औषधांची फवारणी फारशी कोणी करत नाही, कारण परवडतच नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही (जीआय) मिळालं. अशी ज्वारी ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोत्याने घेतली, तर ‘ऑरगॅनिक’ छापलेल्या एक किलोच्या पाकिटाला दुप्पट पैसे मोजायची गरज नाही. डोंगराकडची नाचणी आणि वरईही बरीचशी अशीच येते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, मुलीसाठी तिचं सत्त्व किंवा आंबील जरूर करा. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, फोडशी, करटुली बाजारात येतात. या रानभाज्यांवर औषध मारायला कोणी जात नाही. फक्त शेवळं आणलीत तर काकडं (त्यासोबत बाजारात येणारी आंबट रानफळं) किंवा चिंच घालूनच शिजवा, नाहीतर घशाला खाज सुटते.

जास्तीचे पैसे द्यायचेच असतील तर ज्या पिकांवर पुन्हा पुन्हा फवारण्या होतात तिथे द्या. द्राक्षं, हिरवी मिरची, फ्लॉवर, वांगी, टोमॅटो, आणि जिचं पान न् पान आपण खातो ती कोथिंबीर-मेथी-पालक. द्राक्षाचं उदाहरण घ्या. डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी हंगामभर औषधं मारावी लागतात, त्यात ढगाळ हवा आली की विचारूच नका. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशांमुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचे अंश तपासण्याची व्यवस्था आहे आणि पुण्याजवळच्या मांजरी गावातलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र त्यात मध्यवर्ती आहे. आपल्या कोपऱ्यावरच्या गाडीवरच्या प्रत्येक घडाची तशी तपासणी होत नाही. मिठाच्या पाण्यात बुडवून, मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुतलं की वरवरचे अंश बरेच जातात. पण आंतरप्रवाही औषध झाडाच्या आत भिनलेलं असतं, ते धुऊन निघत नाही. अशा पिकांसाठी सेंद्रियला पैसे मोजणं मला पटतं.

आणि फायदा फक्त आपल्या ताटापुरता बघू नये असं मला मनापासून वाटतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आपल्या पोटात औषधाचा अंश येतो, फवारणाऱ्याच्या अंगावर पंपच असतो. बिनफवारणीचा माल घेणारं गिऱ्हाईक मिळालं तर तो माणूस वाचतो.

आता लेबलांचं. ‘नैसर्गिक’, ‘गावरान’, ‘विषमुक्त’, ‘रेसिड्यू फ्री’ हे सगळे शब्द सेंद्रिय या अर्थाने वाचू नका. रेसिड्यू फ्री म्हणजे रासायनिक औषध मारलेलं असू शकतं, काढणीच्या वेळी त्याचे अंश ठरलेल्या मर्यादेखाली आहेत एवढंच. पाकिटावर ‘जैविक भारत’चं चिन्ह बघा. त्याच्यामागे एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या दोन सरकारमान्य पद्धतींपैकी एकीचं प्रमाणपत्र असतं. पहिल्यात बाहेरची संस्था तपासते, दुसऱ्यात शेजारपाजारचे शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात. छोट्या शेतकऱ्याला पीजीएस परवडतं, त्याला कमी लेखू नका. थेट शेतकऱ्याकडून घेत असाल तर प्रमाणपत्र नसेलही. तेव्हा विचारा की रान सेंद्रियखाली किती वर्षं आहे. हंगामी पिकांना रासायनिकातून बाहेर पडायला साधारण दोन वर्षं धरतात. कीड आल्यावर काय मारता हेही विचारा. खरं करणारा माणूस निंबोळी अर्क, दशपर्णी (दहा झाडपाल्यांचा अर्क), कामगंध सापळे (वासाने किडे पकडणारे) यांवर अर्धा तास बोलतो. उत्तर टाळणाऱ्याकडून मी घेत नाही.

गुळाबाबतही तेच. पिवळाधमक गूळ बहुतेकदा हायड्रोस हे रंग उजळवणारं रसायन घालून उजळलेला असतो, तेव्हा काळपट घ्या. पण सासूबाईंसाठी गूळ ‘चालतो’ हा समज काढून टाका. तो सेंद्रिय असला तरी रक्तातली साखर वाढवतोच.

साठवणीची तयारी आधी ठेवा. औषध न लावलेल्या धान्याला टोके आणि सोंडे हे किडे लवकर लागतात. कडक ऊन द्या, कोरड्या डब्यात कडुलिंबाचा पाला घाला, दोन-तीन महिन्यांपुरतंच भरा. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरातल्या धान्यात कधीही टाकू नका, त्यातून निघणाऱ्या वायूने माणसं दगावली आहेत. पीठ आठवड्यापुरतंच दळा. ज्वारीच्या जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना चिरते, बाजरीचं तर चार-सहा दिवसांत कडू होतं, मग घरातले म्हणतात भाकरी नको.

बदल हळू करा. सगळं एकदम सालासकट सुरू केलं तर पोट फुगेल आणि मुलगी दोन दिवसांत पोळीकडे वळेल. आधी रात्रीची भाकरी, मग सालीची मूगडाळ, मग हातसडीचा तांदूळ, आणि सोबत पाणी जास्त. सासूबाई मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असतील तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा. भात-साखर कमी झाल्यावर त्याच डोसने साखर फार खाली जाऊ शकते, सुरुवातीचे काही आठवडे घरी तपासत राहा. आणि ‘नैसर्गिक’ म्हणून आयोडीनयुक्त मीठ बंद करून नुसतं सैंधव वापरू नका, त्यात आयोडीन पुरेसं नसतं आणि वाढत्या मुलीला ते हवं असतं.