इंग्रजीत विशेषणानंतर ॲट, ऑफ, विथ, टू यांपैकी नेमकं काय लावायचं?

सगळीकडे चालेल असा नियम नाही. विशेषण आणि त्यामागचा छोटा शब्द जोडीनेच लक्षात ठेवावा लागतो. आपली बहुतेक गडबड मराठी प्रत्यय तसाच तिकडे नेल्यामुळे होते. 'माझ्यावर रागावला' म्हणून आपण 'अँग्री ऑन मी' म्हणून मोकळे होतो. हवं 'अँग्री विथ मी', आणि राग एखाद्या गोष्टीचा असेल तर 'अँग्री अबाउट'. 'तिच्याशी लग्न' यातला 'शी' आपल्याला 'मॅरीड विथ' लिहायला लावतो. बरोबर आहे 'मॅरीड टू'. 'माझ्यापेक्षा सीनियर' म्हणताना 'दॅन' येत नाही: सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर ही मुळात लॅटिन तुलनेची रूपं, त्यांना 'टू' लागतं.

अर्थाप्रमाणे बदलणारेही असतात. 'गुड ॲट मॅथ्स' म्हणजे गणितात हुशार, 'गुड फॉर यू' म्हणजे तुमच्या हिताचं, 'गुड विथ चिल्ड्रन' म्हणजे मुलांना सांभाळायची हातोटी असलेला. 'डिफरंट'मागे 'फ्रॉम' लावा, कुठेच अडत नाही. ब्रिटिश बोलण्यात 'टू' आणि अमेरिकन बोलण्यात 'दॅन' ऐकू आलं तर दचकू नका.

अफ्रेड, प्राउड, अशेम्ड, फाँड या भावनावाल्यांना बहुधा 'ऑफ'. 'इंटरेस्टेड' मात्र 'इन'वालाच.

ॲट, ऑफ, इन, टू अशा या छोट्या शब्दांनंतर क्रियापद आलं तर ते 'इंग' घेऊन येतं: 'इंटरेस्टेड इन लर्निंग'. सवय झाल्याच्या अर्थाने 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली'. इथे 'गेट अप' लिहिणारे फार. अडलात तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचा शब्दकोश उघडा, त्यात विशेषणाशेजारीच ही जोडी दिलेली असते.